हो म्हटलं की आजोबा बोलतात

३ जानेवारी

प्रिय मुंगीस,

पाकीट बघून दचकू नकोस, घरातली सगळी माणसं जागच्या जागी आहेत. फोनवर मला बोलता येत नाही आणि मोबाईलवर लिहायला गेलो की भलतंच अक्षर उमटतं. परवा शेजाऱ्यांना धन्यवाद लिहिलं, ते अजून रुसलेले आहेत. म्हणून कागद.

घसा काढल्याला वर्ष होऊन गेलं. मानेतल्या भोकातून श्वास घ्यायची सवय झाली. न बोलण्याची होत नाही. ज्या माणसानं सगळी नोकरी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' म्हणण्यात काढली, तो आता चहात साखर कमी आहे हे पाटीवर लिहून दाखवतो. लिहून होईतो चहा निवतो. दवाखान्यानं गळ्याला लावायचं यंत्र दिलंय, पण त्यातून मी नाही, पत्र्याचा डबा बोलतो. तुझ्या काकूच्या हातून पातेलं पडलं. मी ते परत करून टाकलं. सिगारेट मात्र अखेर सुटली. सुटली कसली, घशासकट काढून घेतली.

पण हे रडगाणं गायला लिहीत नाहीये. भिंगरीचं सांगायचंय. काकूला तिच्या स्वेटरला धुराचा वास आला. काकूचं नाक म्हणजे पोलीस खातं, तुला ठाऊक आहे. विचारलं तर पोरगी म्हणाली, मैत्रीण ओढत होती, मी शेजारी उभी होते. तेरा वर्षांची आहे. आई दूरच्या हॉस्पिटलात पाळ्या करते, बाप बोटीवर, आणि सांभाळायला आम्ही दोन म्हातारी. त्यातला एक मुका. मी तिला काय समजावणार? मी पाटीवर 'सिगारेट वाईट' लिहिणार आणि ती माझ्या गळ्याकडे बघणार. तेवढ्यानंच समजायचं असतं तर कधीच समजलं असतं.

तुझा तो मुलांनी सिगारेट ओढू नये म्हणून केलेला खेळ, ज्याच्यासाठी ऑपरेशनच्या आधी तू मला तुझ्या ऑफिसात बसवून बोलायला लावलंस, तो झाला का पुरा? झाला असेल तर धाड. घरात जुना कॉम्प्युटर आहे. माझं ऐकायला आता माझ्याकडे काही उरलं नाही, पोरगी तुझ्या खेळाचं तरी ऐकेल.

काकूचे आशीर्वाद. तब्येतीला जप, हे तिनं लिहायला सांगितलंय. मीही सांगतो.

तुझा,
काका

१२ जानेवारी

काका, नमस्कार. साष्टांग नाही, कंबर धरली आहे.

खेळ पुरा झालाय की नाही हे आमच्या साहेबांनाही माहीत नाही. शाळांना वाटायची तारीख ठरली आहे, म्हणजे पुरा झाला असं समजायचं. चित्रकार सोडून गेला. संगीतवाला पैसे मागून थकला आणि तोही गेला. उरलो मी आणि एक प्रोग्रामर, जो माझ्याशी फक्त खुणांनी बोलतो. तुमचं आणि त्याचं छान जमेल.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. भिंगरीला लावता येईल. खेळ साधा आहे. एक मुलगा आहे, शाळेतून घरी निघतो. वाटेत जिन्याखाली, मैदानाच्या कडेला, दुकानामागे कोणी ना कोणी त्याच्यापुढे सिगारेट धरतं. पडद्यावर 'हो' आणि 'नाही' येतं. नाही म्हटलं की घंटी वाजते, गुण मिळतात, पोरगं पुढे पळतं. हो म्हटलं की त्याचा दम कमी होतो, बस सुटते, चेंडू हातात येत नाही. आणि घरी आला की आजोबा त्याला जवळ बसवून बोलतात. ते आजोबा तुम्ही.

तुमचा आवाज सुरेख आलाय काका. तुम्ही त्या दिवशी माझा कागद बाजूला ठेवून मनचंच बोलत सुटला होतात, मी चिडले होते. आता वाटतं, बरं झालं. कागदावरचं मी लिहिलेलं सगळं शाळेच्या फळ्यावरचं वाटतं. बनवताना मी ते इतक्या वेळा ऐकलं की मला ऐकू येणंच बंद झालं. खरं सांगायचं तर या खेळातलं मला काहीच दिसत नाही आता. मुलं खेळतील, कंटाळतील, शिक्षक सही करतील, आमचं बिल निघेल. कोणा एकाची तरी पहिली सिगारेट चुकली तर पावलं, असं मी रोज बसमध्ये स्वतःला सांगते. रोज थोडं कमी पटतं.

भिंगरीला म्हणावं, खेळून कसं वाटलं ते खरं खरं सांग. मावशीला वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नकोस.

मुंगी

२ फेब्रुवारी

प्रिय मुंगीस,

खेळ मिळाला. चालतोय. कॉम्प्युटर आधी घरघर करतो, मग खोकतो, मग सुरू होतो, आमच्या घरात शोभतो.

तू खरं खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो, खेळ चांगला आहे. भिंगरी रोज खेळते. मी मागे बसून बघतो. तू उगाच त्याला नावं ठेवू नकोस. चित्रातल्या आजोबांच्या मिशा तेवढ्या माझ्यासारख्या नाहीत, माझ्या कधीच अशा खाली वळलेल्या नव्हत्या. पण खुर्ची ओढून घेतात आणि 'बस इथे, आधी दम खा, मग रागावतो' म्हणतात, ते अगदी बरोबर. हे मी कधी बोललो होतो ते आठवतच नव्हतं.

आणि तो शेवटचा भाग. पोरगं जिन्यावरच बसून राहतं, वर यायची ताकद नसते, आणि आजोबा खाली उतरून येतात. 'चल लेकरा, घर तिकडे नाही, इकडे आहे. हात दे.' मुंगी, ते तू फार छान बसवलंस. काकूला दाखवणार होतो, पण तिला पडद्याकडे बघून डोळे दुखतात म्हणते.

भिंगरीचं ठीक चाललंय. अभ्यास करते, केस विंचरायला तासभर घेते, मला शुद्धलेखन शिकवते. स्वेटरला पुन्हा वास आला नाही असं काकू म्हणते. काळजीचं काही नाही.

ऐकायला त्या कानावरच्या टोप्या घ्याव्या लागल्या, नाहीतर काकू स्वयंपाकघरातून विचारते, कोण आलंय?

तुला झोप मिळते का?

काका

९ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि हातातलं काम सोडून हे लिहिते आहे. रागावू नका.

जिन्यावरचा भाग भिंगरीनं पाहिला कसा? तो कोणालाही दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी, अगदी प्रत्येक ठिकाणी 'हो' म्हटलं, एकदाही नकार दिला नाही, तरच आजोबा जिना उतरतात. आम्ही तो भाग ठेवला खरा, पण आमच्या ऑफिसातल्या मुलांपैकीसुद्धा तो चुकून एखाद्यानंच पाहिला असेल. आणि तुम्ही लिहिता ती रोज खेळते.

म्हणजे ती रोज त्या मुलाला सिगारेट पाजते आहे, काका. पहिल्यापासून शेवटपर्यंत. खेळात हात सरावला की बाहेर काय होतं हे मला माहीत नाही, माझ्याकडे तेवढी अक्कल नाही, मी फक्त खेळ बनवते. पण तुम्ही 'काळजीचं काही नाही' म्हणता तेव्हा मला जास्त काळजी वाटते. तुम्ही पहिल्या पत्रात वासाचं लिहिलं होतं. दोन्ही जोडून बघा.

मी ताईला लिहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलं, याची मला कल्पना आहे. पण ती तिची आई आहे, आणि तुम्ही नातीवर जीव टाकता, तुमच्याकडून कडक वागणं होणार नाही. माझा खेळ घरात आला आणि मुलीला उलटंच वळण लागलं, असं व्हायला नको. मला एवढं एकच काम वर्षभर होतं आणि तेही असं अंगावर यायला नको.

मुंगी

२४ फेब्रुवारी

प्रिय मुंगीस,

ताई रजा काढून आली होती. दोन दिवस राहिली, गेली.

भिंगरीचं दप्तर, कपाट, गादीखाली, सगळं बघितलं. काही सापडलं नाही. पोरगी रडली. ताईही रडली. काकूनं दोघींना जेवायला वाढलं, कोणी जेवलं नाही.

खेळ आता बंद आहे. कॉम्प्युटरवर काकूनं टॉवेल टाकलाय.

तू लिहिलंस त्यात तुझी चूक नाही. थंडी आहे, मानेला हवा लागते, जास्त बसवत नाही.

काका

१ मार्च

मावशी,

पत्ता आजोबांच्या पाकिटावरून घेतला. मी तुझा खेळ एकदाच खेळले. पहिल्याच दिवशी. सगळीकडे नाही म्हटलं, घंटी वाजली, घंटी वाजली, घंटी वाजली, संपला. शेवटी 'शाबास' असं लिहून आलं आणि फुगे उडाले. सॉरी पण तो सहावीच्या मुलांना बरा आहे. जिना मी बघितलेलाच नाही.

आजोबा खेळतात. मी शाळेत गेले की. एक दिवस आमची शाळा लवकर सुटली, मी आत गेले तर ते कानाला हेडफोन लावून बसले होते आणि खेळातला मुलगा दुकानामागे सिगारेट ओढत होता. आजोबांनी डोळे मिटले होते. आधी मला हसू आलं. मग मी बाहेर जाऊन दार वाजवून परत आत आले, म्हणजे त्यांना वाटावं मला काही दिसलं नाही.

मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण तू आईला सांगितलंस. आईनं माझं दप्तर जमिनीवर उलटं केलं, आजीसमोर. माझं सगळं, जे दाखवायचं नसतं तेही. आजोबा तिथेच उभे होते. हातात पाटी होती, खडू होता. आई म्हणाली, बाबा, तुम्ही स्वतः बघितलंत ना ही रोज खेळते ते? मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी काही लिहिलं नाही. मुंडी खाली घातली, ती आईला होकारासारखी दिसली.

मीही सांगू शकले असते. पण मी का सांगू? त्यांनी सांगायला हवं होतं.

आणि आता खरं ऐक. तोपर्यंत मी खरंच ओढली नव्हती, शेजारीच उभी असायचे. आई गेली त्या दिवशी ओढली. सगळ्यांना माहीतच आहे मी ओढते, तर म्हटलं होऊन जाऊ दे. घाण लागते. डोळ्यांत पाणी येतं. मैत्रीण म्हणाली दुसरी घाण लागत नाही.

हे आजोबांना सांगू नकोस. आईला तर नाहीच. तुला सांगितलं कारण तू हे सगळं सुरू केलंस.

भिंगरी

६ मार्च

काका,

भिंगरीचं पत्र आलं. दुपारी कोण खेळत होतं ते तिनं कळवलं. तिनं आणखीही लिहिलंय, ते मी तुम्हाला सांगणार नाही, तिनं नको म्हटलंय. पण एवढं सांगते की उशीर करू नका. हा आठवडा, पुढचा आठवडा असं करू नका. तुम्ही समजताय त्यापेक्षा तिला जास्त लागलंय.

तुमच्यावर रागावायचं ठरवून बसले होते. मग खेळ उघडला आणि पहिल्यांदा मूल होऊन खेळले. नाही म्हटलं, घंटी. नाही म्हटलं, घंटी. रेल्वेच्या डब्यातल्या भिकाऱ्यासारखे गुण गोळा करत फिरत राहिले, कोणी माझ्याशी बोललं नाही. मग एकदा हो म्हटलं. आणि तुम्ही आलात. खुर्ची ओढलीत. 'आधी दम खा, मग रागावतो.' काका, मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. प्रोग्रामरनं खुणेनं विचारलं, काय झालं, मी खुणेनंच सांगितलं, काही नाही.

मी उलटंच बसवलंय. शहाण्या मुलाला घंटी आणि चुकलेल्याला तुम्ही. तुमच्याकडे मोठी झाले म्हणून माझ्या हे लक्षातच आलं नाही. लहानपणी काही बिघडवलं की तुम्हीच असं जवळ घेऊन बोलायचात, मला वाटलं रागावणं म्हणजे हेच. आता फिरवून बसवावं म्हटलं, नकार दिला की तुमचा आवाज यावा. सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. शाबास म्हणणारं एकही वाक्य नाही. मी लिहूनच दिलं नव्हतं, आणि तुम्ही मनचं बोललात तेही सगळं चुकलेल्या पोराशी. आता नव्यानं बोलायला तुम्हाला सांगू तरी कशी?

साहेबांना सांगितलं, आजोबा काढून टाकायचे. ते म्हणाले, खेळात तेवढीच तर मजा आहे. मी म्हटलं, म्हणूनच. भांडण झालं. तारीख पुढे गेली आहे, माझं पुढे काय होतं बघू. आता दमायलाही दम उरला नाही.

तुमचं बोलणं मी वेगळं काढून पाठवते. ते ऐकायला कोणा पोराला सिगारेट पाजायला नको. ऐकावंसं वाटलं यात लाजण्यासारखं काही नव्हतं काका. मी तुमच्या जागी असते तर टॉवेल काढून रोज ऐकलं असतं.

लाजण्यासारखं होतं ते दप्तराच्या वेळचं. ते तुम्हालाच निस्तरावं लागेल. त्यात ताईला पत्र लिहिण्याचा उतावीळपणा माझा, तो मी तिला कळवते आहे. पण तुमच्या वाटणीचं मी कळवणार नाही.

मुंगी

२० मार्च

प्रिय मुंगीस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लिहायला बसलो की वाटायचं, काय लिहू? म्हातारा दुपारी दार लोटून घेतो, स्वतःचा आवाज ऐकायला चित्रातल्या पोराला विडी पाजतो, आणि नातीवर आळ आला की गप्प बसतो? सगळं गाव ज्याला आवाजावरून ओळखायचं त्याला ऐन वेळी खडू उचलेना.

भिंगरी माझ्याशी वाईट वागत नव्हती. तशी वागली असती तर बरं झालं असतं. पाटी पुसून द्यायची, औषध आणून द्यायची, आणि निघून जायची. ती ओढते का हे मला कळायला मार्ग नाही. मानेतून श्वास घेणाऱ्या माणसाला वास येत नाही, धुराचाही नाही, फुलाचाही नाही. काकूला विचारावं तर तिचं नाक हल्ली सर्दीनं बंद. मी पाटीवर लिहिलं, ओढतेस का? ती म्हणाली, "सांगून काय उपयोग? तुम्ही आईपुढे गप्पच बसणार."

रविवारी ताईचा फोन आला. भिंगरी बोलत होती, हो, नाही, बरी आहे, जेवले. मग ताईनं काहीतरी विचारलं असावं, कारण पोरगी माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "आई विचारते, पुन्हा तसलं काही नाही ना?"

मी उठलो. तिच्यासमोर जाऊन बसलो आणि बोलायला लागलो. आवाज नाही, नुसते ओठ. काकूला माझे ओठ अजून धड वाचता येत नाहीत, भाजी म्हटलं की बाजू समजते. भिंगरीला येतात. ती आधी नुसती बघत राहिली. मग फोन कानाशी धरून, माझ्या तोंडाकडे बघत, एक एक शब्द मोठ्यानं म्हणायला लागली.

"आई, आजोबा बोलतायत. आजोबा म्हणतात, खेळ मी खेळत नव्हते. ते खेळत होते. रोज. त्यांचा आवाज ऐकायला." ताई काहीतरी म्हणाली. "थांब ना, संपलं नाही. आजोबा म्हणतात, दप्तर उलटं केलंस तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. ते गप्प बसले. त्यांना लाज वाटली. आजोबा म्हणतात, त्यांच्या लाजेपायी मी रडले, ते चूक झालं. आजोबा म्हणतात, माफ कर. मला म्हणतायत. तुला नाही, मला."

इथे तिचा आवाज फाटला. काकू दारात येऊन उभी होती, हात पदराला पुसत, पुसून झाले तरी पुसत. माझं बोलून संपलं होतं. मी ओठ मिटले.

भिंगरी बोलतच राहिली. नजर माझ्यावरच, जरा खाली, ओठांवर.

"आजोबा म्हणतात, तू गेलीस त्या दिवशी हिनं एक ओढली. खरंच ओढली. एकच. घाण लागली. आजोबा म्हणतात, दुसरी ओढायची हिची इच्छा नाही, पण मैत्रिणींना कसं सांगायचं ते हिला कळत नाही. आजोबा म्हणतात, आई, तू ओरडू नकोस."

मुंगी, यातलं एक अक्षर मी बोललो नव्हतो. मला माहीतही नव्हतं. तू मला जे सांगितलं नाहीस ते हेच असणार.

मग ताईनं विचारलं, ते मलाही ऐकू आलं, "बाबा, तुम्ही म्हणताय हे?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. रडायचं थांबवून, अगदी श्वास धरून. मी मान हलवली आणि ओठांनी म्हटलं, हो.

ती म्हणाली, "आई, आजोबा म्हणतात, हो."

काका